उतरलेला पंचम

आईचं गुणगुणणं आपल्याला आठवत नाही, हे ऋजुताच्या लक्षात आलं तेव्हा ती मेथी निवडत होती. हातातली जुडी तशीच राहिली. तिनं डोळे मिटले, पुन्हा एकदा प्रयत्न केला, पण काहीच ऐकू आलं नाही.

आता आईचा आवाज कुठंच नव्हता असं नाही. डॉ. हेमांगी थोरात एवढं नाव उच्चारलं की भिंतीवरच्या पडद्यावर तिची भाषणं, मुलाखती, गावोगावच्या शाळांमधली व्याख्यानं असा ढीग येऊन पडायचा. भूकंपाला घाबरू नका, पण त्याची चेष्टाही करू नका, हे आई सातवीच्या पोरांना ज्या ठसक्यात सांगायची तो ठसका हवा तेव्हा ऐकता येत होता. पण ती बाहेरची आई. घरातली आई दुपारची जेवणं उरकली की मधल्या खोलीत चटई टाकून भिंतीला टेकायची, ऋजुता तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडायची, आणि आई डोळे मिटून भीमपलास गुणगुणायची. शब्द नाहीत, नुसता ‘आ’चा आकार. मांडीची ऊब, केसांतून फिरणारी बोटं, अंगाला येणारा चंदनी साबणाचा वास, सगळं जिथल्या तिथं होतं. नेमका आवाज तेवढा गेला होता, आणि आईला जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं.

गुणगुणण्याचं रेकॉर्डिंग एकही नव्हतं. कोणी नुसता फोन वर धरला तरी आई गप्प व्हायची. “मी ऐकणारी बाई आहे, गाणारी नाही,” म्हणायची, आणि विषय संपायचा.

हेमांगी थोरात फक्त दोन गोष्टींसाठी जगली असं कोणी म्हटलं की ऋजुताचे बाबा, दिगंबरराव, नाराज व्हायचे, कारण त्या दोन गोष्टींत त्यांचा नंबर लागत नसे. पहिली गोष्ट जमीन, दुसरी गाणं. कराडच्या भूकंप केंद्रात आईनं उभं आयुष्य काढलं. कोयनेच्या खोऱ्यात जमीन अधूनमधून हलते. त्या हादऱ्यांच्या नोंदी आई नुसत्या बघायची नाही, त्यांचा वेग वाढवून, त्यांना कानाला ऐकू येतील असं करून ऐकायची. “हा खाणीतला सुरुंग. हा खरा हादरा. आणि हा कुणाच्या तरी डंपरचा टायर फुटलाय,” असं डोळे मिटून सांगायची, आणि नंतर आकडेमोड केली की तेच निघायचं. संध्याकाळी हाच कान घेऊन ती मिरजेला, सांगलीला, कोल्हापूरला गाण्याच्या बैठकांना पळायची. बाबा बरोबर जायचे, दुसऱ्या तानेला त्यांची मान छातीवर पडायची, आणि परतीच्या वाटेवर आई त्यांना कोणत्या रागात झोप चांगली लागते ते विचारायची.

आईचं नाव झालं ते काचेच्या तारेमुळं. रस्त्यांखालून जाणाऱ्या संदेशवहनाच्या जुन्या तारा तेव्हा वापराविना पडून होत्या. आत केसासारखा बारीक काचेचा तंतू. त्यातून प्रकाशाचे ठोके सोडायचे. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात जागोजाग सूक्ष्म दोष असतातच, आणि प्रत्येक दोषापासून किंचित प्रकाश मागं फिरतो. जमीन जराशी जरी हलली तरी तो तंतू ताणला जातो आणि परत येणाऱ्या प्रकाशाची चाल बदलते. कुठून आलेला प्रकाश किती वेळानं परततो हे ठाऊक असतं, त्यामुळं नेमकं कुठं काय हललं ते कळतं. म्हणजे टोकाला एकच यंत्र, आणि जमिनीखाली गावामागून गावं पसरलेला कान. कल्पना जगात इतरांनाही सुचली होती, पण कोयनेच्या खडकात ती चालवून दाखवली ती आईनं आणि तिच्या माणसांनी.

असल्या मोजमापाला एक ओळखीची, शांत जागा लागते. तिथं काय चाललंय हे आधीच माहीत असेल तर बाकीच्या तारेचं खरंखोटं करता येतं. आईनं त्यासाठी आपलंच घर निवडलं. फरशी बदलायचं काम निघालं तेव्हा तिनं तारेचा एक वळसा मधल्या खोलीखालून नेला. “लोक घरात ग्रॅनाइट घालतात, हिनं वायर घातली,” असं बाबा येईल त्या पाहुण्याला सांगायचे.

मेथी निवडता निवडता ऋजुताला आठवलं ते हेच.

ती स्वतः त्याच केंद्रात नोंदींचं काम बघत होती. दुसऱ्या दिवशी तिनं फिरोज मुलाणीला गाठलं. फिरोज आईचा शेवटचा विद्यार्थी. आईला तो अजूनही मोठ्या मॅडम म्हणायचा आणि ऋजुताला नुसतं मॅडम.

“आमच्या घराखालच्या तुकड्याच्या जुन्या नोंदी आहेत ना रे?”

“आहेत की. मोजपट्टी म्हणून ठेवल्यात सगळ्या.”

“त्यातून आईचं गाणं काढायचंय.”

फिरोजनं चहाचा कप खाली ठेवला. “मॅडम, तुम्हाला माहितीय. मोठ्या मॅडमनी काय सांगितलं होतं ते.”

तिला माहीत होतं. केंद्रातल्या एका पोरानं एकदा मोठ्या कौतुकानं दाखवलं होतं, की तारेवरून एखाद्या घरात कोण चालतंय हे नुसत्या पावलांवरून ओळखता येतं. आईचा चेहरा उतरला. त्याच दिवशी तिनं केंद्रात नियम घातला. जमिनीचं ऐका, माणसांचं ऐकू नका. घरांखालच्या तारेवर आवाज शोधायचा नाही.

“तो नियम दुसऱ्यांच्या घरांसाठी होता,” ऋजुता म्हणाली. “हे माझं घर आहे.”

“त्यांचं पण होतं.”

ऋजुतानं मान फिरवली. तिचे डोळे भरून आले, आणि फिरोज हा मुळातच मऊ माणूस. त्यानं खुर्ची ओढली आणि कामाला लागला.

काम सोपं नव्हतं. फरशी आणि तिच्याखालचं काँक्रीट आवाजाचा बहुतेक भाग गिळून टाकतं. तारेपर्यंत पोचतं ते इतकंच: आवाज कधी सुरू झाला, कधी थांबला, कुठं वाढला, कुठं दबला, आणि सूर साधारण कुठं होता. उरलेलं भरून काढायला फिरोजनं एक प्रणाली बांधली आणि तिचं नाव ठेवलं पूरक. अशी प्रणाली आधी खूप आवाज ऐकून शिकते आणि मग अर्धवट सांगाड्यावर जे बसण्यासारखं असेल ते बसवते. आईच्या व्याख्यानांवरून पूरकनं तिच्या आवाजाची जात उचलली. पण गुणगुणण्याच्या सांगाड्यावर ती बसवली तेव्हा बातम्या देणारी एखादी बाई सर्दी झाल्यावर पुटपुटावी तसं काहीतरी ऐकू आलं.

“हिला गाणं माहीत नाही,” फिरोज म्हणाला. “बोलणं शिकून गाणं कसं येईल? गाणं शिकवायला लागेल.”

ऋजुताचा चेहरा उजळला. “आईचा संग्रह देऊ.”

आईचा संग्रह म्हणजे चाळीस वर्षांच्या बैठका. मैफलींची, खासगी बैठकांची, कुणाकुणाच्या घरी वर्षानुवर्षं पडून राहिलेली रेकॉर्डिंग्ज आईनं दारोदार फिरून, गोड बोलून, प्रसंगी भांडून गोळा केली होती. तो संग्रह म्हणजे तिचा जीव. आईच्या कानात जन्मभर जे भरलेलं होतं तेच पूरकला शिकवायचं, यापरतं योग्य काय असणार? ऋजुताला त्या कल्पनेचा इतका आनंद झाला की बऱ्याच महिन्यांनी तिनं त्या दिवशी फिरोजच्या डब्यातली भाजी मागून खाल्ली.

पूरक शिकली. एका दुपारी ऋजुतानं कानाला हेडफोन लावला, आणि आई गायला लागली.

भीमपलास. नुसता आकार. खालच्या निषादापासून षड्जावर येणं, मग गंधार, मध्यम, आणि मध्यमावरून अलगद पंचमावर जाऊन ठरणं. आवाज आईचा, तोच किंचित घोगरा. ऋजुतानं तोंडावर हात धरला आणि लहान पोरीसारखी रडली. फिरोज बाहेर जाऊन व्हरांड्यात उभा राहिला.

त्यानंतर तिला नादच लागला. रोज दुपारी ती घरी यायची, मधल्या खोलीत त्याच जागी चटई टाकायची, डोळे मिटायची आणि आईचं गाणं ऐकायची. मांडीची ऊब, चंदनी साबण, केसांतली बोटं, आणि आता आवाजही. ती तरतरीत दिसायला लागली. बाबांनी एकदा विचारलं, “काय ऐकतीस एवढं?” ती हसून म्हणाली, “वर्षश्राद्धाला कळेल.”

आईनं स्थापन केलेलं एक श्रवण मंडळ होतं. महिन्यातून एकदा पंधरावीस माणसं थोरातांच्या घरी जमायची आणि एखादं रेकॉर्डिंग मिळून ऐकायची. फोन बाहेर टोपलीत, ऐकताना चहा नाही, आणि समेच्या आधी वाहवा करणाऱ्याकडं आई असं बघायची की तो पुढच्या महिन्यात यायचा विचार दोनदा करायचा. वर्षश्राद्धाच्या दिवशी सकाळी भटजी येऊन गेले, जेवणं झाली, आणि दुपारी मंडळ जमलं. आईच्या जागेवर कुंदामावशी बसल्या. कुंदामावशी मिरजेच्या, गाण्याच्या शिक्षिका, आईची तरुणपणापासूनची मैत्रीण. आता ऐंशीला टेकल्या होत्या, पण कान शाबूत होता.

ऋजुता उभी राहिली. तारेचं थोडक्यात सांगितलं. मग म्हणाली, “आज आपण आईला ऐकायचंय.” आणि तिनं गाणं सुरू केलं.

खोलीत कुणी हललं नाही. पंचमावर आवाज ठरला तेव्हा कुणाचा तरी हुंदका फुटला. संपल्यावर सगळे एकदम बोलायला लागले. “काय गायच्या हो हेमांगीताई!” “आणि आम्हाला कधी पत्ता लागू दिला नाही.” “केवढा हा विनय!” ऋजुता बाबांकडं वळली, तर बाबांची खुर्ची रिकामी. ते गाणं चालू असतानाच उठले होते आणि टळटळीत उन्हात परसदारी झाडांना पाणी घालत होते. त्यांना सहन झालं नसेल, असं सगळ्यांनी धरलं. ऋजुतानंही धरलं.

माणसं पांगली. कुंदामावशी मात्र बसून राहिल्या. ऋजुतानं त्यांना पाण्याचा तांब्या आणून दिला.

“मावशी, तुम्ही काहीच बोलला नाहीत.”

“कुणाचं गाणं आहे गं हे?”

“म्हणजे? आईचं.”

“आवाज तिच्यासारखा आहे. अगदी तिचाच आहे म्हण. पण गाणारी ती नव्हे.” कुंदामावशींनी तिला जवळ बसवून घेतलं. “बाळ, तुझी आई बेसूर होती.”

ऋजुताला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं.

“रागावू नकोस. दोन वर्षं शिकवलंय मी तिला. देवानं कान असा दिला होता की माझी चूक तिला माझ्याआधी कळायची. आणि गळा? गळ्यानं कधी ऐकलंच नाही तिचं. पंचम नेहमी कमी लागायचा, जागेच्या खाली. थोडासाच. दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं, पण तिला कळायचं ना! मध्यमापर्यंत छान जायची, पंचमावर घसरायची, की लगेच थांबायची. फरशीवर थाप मारायची, ‘छे!’ म्हणायची, हसायची, आणि पुन्हा पहिल्यापासून. तिचं सगळं गाणं म्हणजे एवढंच. कधी पंचमाच्या पुढं गेलीच नाही ती.”

“मला का नाही आठवत हे?”

“तू तिच्या मांडीवर झोपायचीस. लेकरांना आईचा पंचम कमी लागलेला कळतो होय?” मावशी हसल्या, आणि मग त्यांचं हसू गेलं. “हेमांगी चांगली बैठक ऐकून आली ना, की महिनोन् महिने त्या बैठकीचं रेकॉर्डिंग ऐकायची नाही. हातात दिलं तरी ठेवून द्यायची. म्हणायची, हे ऐकलं की मनातलं पुसतं, आणि मनातलंच खरं होतं. तिला असलं काही आवडलं नसतं, बाळ.”

ऋजुताला त्यांचा राग आला. तिनं स्टँडवर जायला रिक्षा बोलावून दिली, दारापर्यंत गेली. पण म्हातारीचा मत्सर आहे हा, असं तिच्या मनात आलं, आणि आलं हे तिला पुढं कित्येक दिवस खात राहिलं.

दुसऱ्या दिवशी तिनं फिरोजला मूळ नोंद काढायला लावली, पूरकचा हात लागायच्या आधीची. पडद्यावर रेघ चढत गेली, एका जागी पोचली आणि तुटली. मग एक उंच, टोकदार उसळी. मग थोडी स्वस्थता, आणि रेघ पुन्हा तळापासून सुरू. दोघं नोंदीत पुढं सरकले, पुन्हा तेच. दुसऱ्या दुपारी तेच, तिसऱ्या दुपारी तेच.

“ही उसळी काय आहे?”

“फरशीवर काहीतरी आपटलंय. हाताची थाप असंल.” फिरोजचा आवाज खाली गेला. “पूरकनं तो खडखडाट धरला मॅडम. काढून टाकला. आणि मधी तुटलेलं जोडून घेतलं. तिनं जी गाणी ऐकलीत त्यात कुणी असं मधीच थांबत नाही ना.”

“आणि पंचम?”

“तो बी तिनं तिच्या हिशोबानं लावला. तिला जो माहीत होता तो.”

“खरा कसा होता? किती कमी?”

“ते नाही कळायचं. एवढं बारीक फरशीतून खाली येतच नाही. त्याच्यापुढं सगळा अंदाज.”

“पूरक काढून टाक. नुसतं खालचं ऐकव.”

त्यानं ऐकवलं. दोन घरं सोडून कुणी दळत असावं तशी घरघर, मधूनमधून एक दणका. त्या दणक्यात आई होती. खरी आई होती ती एवढीच. ऋजुतानं डोळे मिटले आणि त्या दणक्यापाठोपाठ ‘छे!’ ऐकायचा प्रयत्न केला. फरशीवर आईचा तळवा पडतोय, आई हसतेय, मांडी हलतेय. काही केल्या जमेना. डोळे मिटले की मध्यमावरून आवाज अलगद उचलला जायचा आणि पंचमावर जाऊन ठरायचा. स्वच्छ, निर्दोष, कुठंही न थांबता.

आठवण काही पेटीत ठेवलेली वस्तू नसते. आपण आठवतो तेव्हा ती बाहेर निघते, आणि बाहेर असते तेवढा वेळ ओल्या गिलाव्यासारखी मऊ असते. त्या वेळी शेजारी जे असेल त्याचा ठसा तिच्यावर उमटतो, आणि परत जाताना ती तो ठसा घेऊन जाते. पुढच्या खेपेला आपण मूळ घटना आठवत नाही, मागच्या खेपेची आठवण आठवतो. हे मेंदूचं शास्त्र ऋजुतानं कॉलेजात वाचलं होतं. आणि तिनं काय केलं होतं? रोज, त्याच खोलीत, त्याच चटईवर, त्याच वेळी, लहानपणच्या त्या दुपारी एकेक करून मनातून बाहेर काढल्या होत्या आणि प्रत्येकीच्या शेजारी हा आवाज ठेवला होता. कुणाला मुद्दाम एखादी आठवण खोडायची असती, तर याहून चोख रीत सापडली नसती. आठवण नव्हती तेव्हा निदान तिची जागा रिकामी होती. कदाचित एखाद्या दिवशी, कशाच्या तरी निमित्तानं, खरा सूर आपणहून परत आला असता. आता यायला जागाच नव्हती.

ती घरी आली तेव्हा बाबा मधल्या खोलीत बसले होते. समोर पेपर होता, पण चष्मा कपाळावर.

“ऋजू, ते कालचं आईचं जरा लाव की.”

ती दारातच थांबली. “बाबा, ते खरं नाही.”

“ठाऊक आहे मला. पयल्या पंचमालाच कळलं. म्हणून तर उठलो.”

“तुम्हाला पंचम कळतो?”

“मला कशाचा पंचम कळतोय? ती थांबली नाही, एवढं कळलं. चाळीस वर्षं ऐकलंय मी. तिथं आली की थांबायची ती.” त्यांनी पेपराची घडी घातली, उलगडली, परत घातली. “पण आवाज तिचाच हाय गं. घर लई गप झालंय. खोटं तर खोटं. लाव.”

ऋजुता त्यांच्यासमोर खाली बसली आणि तिनं सगळं सांगितलं. तिचं काय झालं ते सांगितलं, मूळ नोंदीतल्या थापा सांगितल्या, आठवण ओली कशी होते ते सांगितलं. “बाबा, तुम्ही एकदाच ऐकलंय. तेही अर्धं. तुमच्याजवळ आई अजून धड आहे. माझ्याजवळची गेली. तुम्ही जर रोज ऐकलं तर तुमच्याजवळची पण जाईल, आणि मग ती कुठंच राहणार नाही. कुंदामावशी किती दिवसांच्या? खरी आई आता तुमच्याजवळच आहे.”

बाबांनी कपाळावरचा चष्मा काढून पेपरावर ठेवला. मग म्हणाले, “म्हणजे मी काय कपाट आहे?”

“बाबा…”

“कपाटच की. आत ठेवायचं आणि उघडायचं नाही. मला करमत नाही गं, ऋजू. सकाळी उठल्यावर पहिला विचार येतो की आज दिवसभर करायचं काय. एक आवाज सापडला, तर तो बी माझ्याच भल्यासाठी दडवून ठेवतीस. आणि माझ्या तरी कुठं, तिच्या भल्यासाठी. ती गेली. मी हाय ना अजून?”

 त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि ऋजुताचंही खोटं नव्हतं. बाबा उठून आपल्या खोलीत गेले. जेवायला आले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले, पण भाकरी मोडून मुकाट जेवले आणि ताट उचलून गेले. एरवी आमटीत मीठ कमी की जास्त यावर तिच्याशी वाद घातल्याशिवाय त्यांना घास गोड लागायचा नाही. असे दिवस गेले. ऋजुताला एकदोनदा वाटलं, द्यावं लावून. सत्तर ओलांडलेला माणूस. त्याला सुखानं खोटं ऐकू द्यावं. मग ती डोळे मिटायची, तो निर्दोष पंचम ऐकू यायचा, आणि तिचा निश्चय परत घट्ट व्हायचा.

शेवटी तिला कळून चुकलं, की आवाज जवळ असेपर्यंत आपण कधी ना कधी हार खाणार. ती केंद्रात गेली आणि फिरोजला पूरकनं बनवलेलं सगळं पुसून टाकायला सांगितलं. घराखालच्या नोंदीही, नाहीतर त्यांच्यातून ते पुन्हा बनवता आलं असतं.

“एक कॉपी ठेवू का? बाजूला?” फिरोजनं विचारलं. “नंतर वाटलं तर…”

“नको. नंतर वाटणारच आहे.”

तो थोडा घुटमळला. मग त्यानं पुसलं. पडद्यावर काही झालं नाही, यादीतून काही नावं तेवढी नाहीशी झाली. फिरोजनं उगाच टेबल पुसून घेतलं. त्यालाही ती दुसरी आईच होती, हे ऋजुताला त्या क्षणी प्रथमच जाणवलं, आणि तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

ती घरी आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बाबा मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते.

“पुसून आले,” ती म्हणाली. “सगळंच.”

बाबांनी मान हलवली. ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते नुसते फरशीकडं बघत राहिले.

ती त्यांच्या शेजारी बसली. फरशीवर हात ठेवून म्हणाली, “बाबा, तुम्ही म्हणून दाखवा ना. आई कशी म्हणायची ते.”

“मी?” बाबांनी तिच्याकडं असं पाहिलं की जणू तिनं त्यांना झाडावर चढायला सांगितलंय. “अगं, आरतीला बी नुसता टाळ्या वाजवणारा माणूस मी.”

“तुम्हालाच येतं ते. दुसऱ्या कुणाला येत नाही.”

बाबांनी घसा खाकरला. एकदा दाराकडं पाहिलं, कोणी येत नाही ना याची खात्री केली, डोळे मिटले आणि सुरू केलं. आवाज जाड, हलणारा, वयानं फाटलेला. सूर कुठून कुठं चाललाय ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. तरी ते नेटानं वर चढत गेले. ऋजुता जिवाचा कान करून ऐकत होती. एका जागी ते घसरले, थांबले, फरशीवर जोरात थाप मारली आणि म्हणाले, “छे!” आणि मग हसले. आई गेल्यापासून ते हसलेले तिनं पाहिले नव्हते.

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून घेतलं. पुन्हा तिथंच घसरले. ती घसरण आईची होती, की जन्मात कधी न गायलेल्या बाबांची स्वतःची, हे कळायला आता तिच्याजवळ काही उरलं नव्हतं. तिच्या डोक्यात तर त्यांच्या प्रत्येक चुकलेल्या सुरावर तो दुसरा आवाज येऊन बसत होता आणि अलगद दुरुस्त करत होता.

बाबांनी डोळे उघडले. त्यांचा चेहरा ओला झाला होता, आणि त्यावर एक वेडी आशा होती.

“अशीच ना गं?” त्यांनी विचारलं. “अगदी अशीच म्हणायची ना?”

“हो बाबा,” ऋजुता म्हणाली. “अगदी अशीच.”